देवीपुढचं भरलेलं पिस्तूल

तमाम जनतेस या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर अथवा तत्सम कोणत्याही हत्यारास आपोआप सुटण्याचा अधिकार आजतागायत कोणत्याही शासनाने दिलेला नाही. सबब ‘साहेब, ती आपोआप सुटली’ असे सांगणाऱ्या इसमाने प्रथम आपले बोट त्या वेळी कुठे होते, याचा खुलासा करावा. हुकमावरून.

हुकूम माझाच. आता माझ्या हुकमाला घरातलं मांजरही भीक घालत नाही, कारण मुदतीआधीच निवृत्ती घेऊन मी खाकी उतरवून ठेवली. पण एवढा एक हुकूम मी जन्मभर काढत राहणार. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जावयाला मेलेला दाखवून त्याचा दशक्रिया विधी उरकणारा सासराही पाहिला. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं. वसईतल्या एका नेमबाजीच्या रेंजवर दसऱ्याला जे घडलं, ते मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं. आठवलं की हातातला चहा गार होतो आणि मी गरम होतो.

दसरा हा पोलिसाला सण नसतो, बंदोबस्त असतो. तरीही सकाळी ठाण्यात शस्त्रपूजा होतेच. आमच्याकडे हत्यार जमा करायची एक पद्धत आहे. ड्यूटी संपवून आलेला माणूस वाळूने भरलेल्या पिंपात पिस्तुलाची नळी धरतो, मुठीतली मॅगझीन म्हणजे गोळ्यांची पेटी काढतो, मग वरची स्लाइड मागे ओढतो, चेंबरमध्ये डोकावतो आणि ‘खाली!’ असं ओरडतो. चेंबर म्हणजे नळीच्या मागची छोटी खोली. सुटायला तयार झालेली गोळी तिथे बसते. पेटी काढून खिशात टाकली तरी खोलीतली गोळी खोलीतच राहते. वाचकहो, एवढं एक ध्यानात ठेवा. बाकी सगळं मी सांगतो.

तर आमची सगळी पिस्तुलं अशी पोट उघडं करून टेबलावर मांडलेली होती. त्यांना झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला आणि आम्ही बंदोबस्ताच्या नकाशावर डोकी घातली. तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. बाईचा आवाज.

‘साहेब, भुईगावकडे वाडीत ती नेमबाजीची रेंज आहे ना, तिथल्या मास्तरांना दवाखान्यात आणलंय. पायात सळई घुसली म्हणतात.’

‘बरं, मग?’

‘एका बाजूनं घुसली, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली आणि मग सळईच हरवली. असं होतं का हो?’

फोन बंद. ती बाई कोण, ते मला पुढे कळलं. तुम्हाला कळणार नाही. खबर देणाऱ्याचं नाव मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिनं ते काढून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केलेला आहे.

स्टेशन डायरीला नोंद केली, हवालदारबाईंना बरोबर घेतलं आणि निघालो. या हवालदारबाई वसईच्याच, ख्रिस्ती वाडीतल्या. रविवारची चर्चमधली मिस्सा त्यांनी कधी चुकवली नाही आणि सोमवारचा आरोपी कधी सुटू दिला नाही.

दवाखान्यात मास्तर, म्हणजे रेंजचे प्रशिक्षक, पोटरीला जाडजूड पट्टी बांधून पडले होते. गोळी मांसातून आरपार गेली होती, हाड वाचलं होतं. डॉक्टरांच्या कागदावर ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार सळईची जखम’ असं लिहिलेलं. मी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. ज्याला जखमेचा आकार दिसतो त्यानं रुग्णाच्या तोंडावर का विसंबावं, हे मी त्यांना जरा मोठ्या आवाजात विचारलं. मग त्यांनी दुसरा कागद लिहिला.

‘काय झालं मास्तर?’

‘शेडचं काम चाललंय सर. सळई लागली.’

‘दसऱ्याला काम?’

‘थोडंच राहिलं होतं.’

‘सळई कुठे आहे?’

मास्तर छताकडे बघू लागले.

‘वर नाही अडकलेली,’ हवालदारबाई म्हणाल्या, ‘मी बघितलं.’

खोटं बोलणाऱ्या माणसाची एक खूण सांगतो. खरं दुखणं असलेला माणूस दुखण्याबद्दल बोलतो. हा गृहस्थ पोटरीला भोक पडलेलं असताना शेडबद्दल बोलत होता.

तिथून रेंजवर गेलो. नारळ-केळीच्या वाडीत एक लांब पत्र्याची शेड, एका टोकाला निशाणाचे कागद, दुसऱ्या टोकाला उभं राहायच्या जागा. बाहेर झाडांखाली पंगत नुकतीच उठली होती, पत्रावळींवर श्रीखंड दिसत होतं. शेडच्या दारात सुरक्षेच्या नियमांचा मोठा इंग्रजी फलक. त्या फलकाला कुंकू लावलं होतं, वर झेंडूचा हार घातला होता. नियम तेवढे हाराखाली झाकले गेले होते. आपल्याकडे नियमांची पूजा होते, ती अशी.

जमीन धुतलेली. भिंतीवर देवीच्या फोटोचं मोठं बॅनर. बॅनरचा खालचा कोपरा मी बोटानं उचलला, तर मागे ओली पुट्टी. बाकीच्या भिंतीचा रंग पोपडे धरून बसलेला आणि मधेच हा पांढराशुभ्र ठिपका.

पंगतीतल्या लोकांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. ‘आवाज आला खरा, पण आम्हाला वाटलं फटाका.’

‘दसऱ्याला फटाका?’

‘फुटतो कधीकधी.’

मग अध्यक्ष आले, मागोमाग पंगतीतून उठलेला त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. रेंजचे अध्यक्ष म्हणजे नालासोपाऱ्यात इमारती उभ्या करणारे, कपाळावर रुंद टिळा, कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, आणि चालण्यात असा रुबाब की पंगत उठलेली असूनही चारजण पुन्हा उठून उभे राहिले. मी पुट्टीकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी एक मोठा उसासा टाकला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

‘खरं सांगू का साहेब, आम्ही एका पोरीचं आयुष्य वाचवत होतो.’

ही गोष्ट नीट ऐका. अध्यक्षांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांनी स्वतःचं परवान्याचं पिस्तूल पूजेला आणलं होतं. टेबलावर पिस्तूल रिकामं, शेजारी ताटात गोळ्या. आरती झाल्यावर सगळे जेवायला गेले. शेडमध्ये ते, मास्तर आणि रेंजवर शिकणारी एक मुलगी, एवढेच उरले. मुलीनं कुतूहलानं पिस्तूल उचललं, गोळ्या भरल्या आणि ते आपोआप सुटलं.

‘आपोआप,’ मी म्हणालो.

‘आपोआपच म्हणायचं. मुद्दाम थोडीच मारेल? लहान आहे. तुम्ही समज देऊन सोडा. उगाच मुलीच्या जातीला कोर्टाची पायरी कशाला?’

किती माया! मास्तरांनी दवाखान्यातून फोनवर लगेच याला दुजोरा दिला. सळईचा विषय त्यांनी आता सोडून दिला होता. दोन प्रतिष्ठित माणसं एका बाजूला, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी दुसऱ्या बाजूला. भिंतीतली गोळी पंचांसमोर काढून घेतली, अध्यक्षांच्या घरून पिस्तूल जप्त करायला माणूस पाठवला आणि मुलीला ठाण्यात बोलावलं.

ती आईबरोबर आली. खाडीकाठच्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी. रेंजचीच एअर रायफल वापरायची, आणि ती इतकी चांगली की पुढच्याच आठवड्यात तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. खेळाडूंच्या जागेतून पोलिसात भरती व्हायचं, हे तिनं ठरवून टाकलेलं. आता हिशेब सोपा होता. गुन्ह्यात आरोपी म्हणून नाव आलं की चाचणी गेली, आणि पुढे चारित्र्य पडताळणीत भरतीही गेली. ‘समज देऊन सोडा’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. मास्तर स्वतः तिचा अर्ज भरून देणारे.

आई खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती. ‘साहेब, माजी पोर कोयता बी सांबालून धरते. ती कोनाला गोली मारनार?’

‘आई, तू गप. मी सांगते,’ मुलगी म्हणाली आणि ताठ बसून सांगू लागली. ‘सर, मी माझी रायफल पेटीत ठेवत होते. अध्यक्षसाहेब म्हणाले, देवीसोबत फोटो काढा. त्यांनी टेबलावरचं पिस्तूल हातात घेतलं. मास्तर फोन घेऊन बरोबर त्यांच्या समोर उभे राहिले. मी म्हणाले, सर, नळीच्या समोर नका उभे राहू.’

‘मग?’

‘ते म्हणाले, रिकामं आहे गं.’

‘कोण म्हणालं?’

‘दोघंही.’

‘आणि तू पिस्तुलाला हात लावला नाहीस?’

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला जेवायच्या आधी हात धुतेस का, असं विचारलं होतं. ‘सर, हात लावला असता तर आधी चेंबर बघितलं असतं.’

मला काय वाटलं ते सांगू? मला टेबल उलटं करावंसं वाटलं. या पोरीनं तोंडानं इशारा दिला होता. शिकवणाऱ्याला शिकणारीनं सावध केलं, तिला गप्प बसवलं, आणि अपघात झाल्यावर तिच्याच गळ्यात तो बांधला! पण टेबल सरकारी होतं. शिवाय वाटण्यावर खटला उभा राहत नाही. गोळीच्या दारूचे कण कोणाच्या हाताला आहेत ते बघायला तिघांच्याही हातांवरचे नमुने घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवले. अध्यक्षांनी तोवर हात इतक्यांदा धुतले असतील की पोटातलं पापही निघालं असतं. आणि प्रयोगशाळेचा अहवाल यायला लागतो वेळ. तोवर चाचणी होऊन जाणार होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रेंज गाठली. मला हवी होती पुंगळी. पिस्तूल सुटलं की गोळी पुढे जाते आणि तिचं पितळी कवच, म्हणजे पुंगळी, बाजूला फेकलं जातं. ती कुठेच मिळत नव्हती. केराच्या डब्यात पत्रावळी होत्या, द्रोण होते, मास्तरांच्या रक्तानं माखलेला टॉवेलही होता. पुंगळी नव्हती. अध्यक्ष खुर्ची टाकून आमची मजा बघत बसले होते. हवालदारबाईंचा हात दाराशी खिळ्याला टांगलेल्या एका पिशवीकडे गेला आणि अध्यक्ष ताडकन उठले.

‘ओ बाई! पायात बूट घालून हात लावू नका. निर्माल्य आहे ते!’

मी जागच्या जागी थांबलो. मनातल्या मनात देवीला नमस्कार केला. या माणसांनी जमीन धुतली, भिंत लिंपली, डॉक्टरला फसवलं, एका मुलीचं आयुष्य केरात टाकायला काढलं. पण निर्माल्य केरात टाकलं नाही! ते समुद्रात सोडायचं असतं. आमच्या घरीही निर्माल्याची पिशवी राजोडीच्या किनाऱ्यावर जायचा योग येईपर्यंत बाल्कनीत लटकत असते, आणि तिला मी धक्का लावला तर काय होतं ते मी भोगलेलं आहे.

मी बूट काढले. हवालदारबाईंनीही काढले, वर अध्यक्षांना विचारलं, ‘मोजे चालतील ना?’ पंचांसमोर वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी हलकेच उपडी केली. झेंडू, आपट्याची पानं, नारळाच्या शेंड्या, विझलेल्या वाती. आणि त्यात पितळेची पुंगळी. उडाली ती थेट टेबलावरच्या फुलांत जाऊन पडली असणार, आणि टेबल आवरणाऱ्यानं सगळं एकत्र भक्तिभावानं गोळा केलं असणार.

निर्माल्यात प्रत्येक वस्तूला हळद-कुंकू लागलेलं असतं, त्यात नवल नाही. नवल वेगळं होतं. या पुंगळीच्या बुडावर, बरोबर मध्यावर, बोटानं लावलेला ठसठशीत टिळा होता, आणि चाप ओढल्यावर गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या पिनेचा घाव टिळ्याच्या मधोमध बसलेला होता. म्हणजे टिळा आधी, पिन नंतर. या गोळीची पूजा करून मग ती पिस्तुलात घातली होती. तिकडे अध्यक्षांच्या घरून जप्त केलेलं पिस्तूल तेल लावून लखलखीत पुसलेलं आलं. मॅगझीनमध्ये उरलेल्या गोळ्या मी पंचांपुढे एकेक काढल्या. प्रत्येकीच्या बुडाला तसाच टिळा. पिस्तूल पुसलं, पण कुंकू पुसायचा धीर कोणाला झाला नव्हता.

आता प्रश्न एवढाच की, टिळा लावलेल्या गोळ्या पिस्तुलात भरल्या कोणी? अध्यक्ष म्हणणार, मुलीनं. म्हणून मी अध्यक्षांना ठाण्यात बोलावलं. लोकांना वाटतं, चौकशी म्हणजे दिवा तोंडावर मारून ओरडणं. अहो, ओरडलं की माणूस कासवासारखा आत जातो. अभिमानी माणसाला बाहेर काढायचं तर त्याच्या अभिमानाला चुचकारावं. मी चहा मागवला. मास्तर कुबडी घेऊन दवाखान्यातून थेट आले होते, त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. माझ्या खोलीचं दार उघडं राहिलं. ठाण्याची दारं जुनी असतात, नीट लागत नाहीत.

‘अध्यक्षसाहेब, टिळे फार सुबक आहेत हो. कोणी लावले?’

‘मीच. दरवर्षी मीच लावतो. एकेका गोळीला.’

‘वा! आणि बुडाला लावलेत.’

‘मग? पुढून लावला तर खराब होतो. विचार करावा लागतो साहेब.’

‘सगळं उत्तम. फक्त एक गोष्ट मला पटली नाही.’ मी चेहरा शक्य तितका धार्मिक केला. ‘गोळ्या ताटात आणि पिस्तूल रिकामं? देवीपुढे रिकामं शस्त्र ठेवलंत? आमच्या आईनं तर घरात पाऊल ठेवू दिलं नसतं.’

अध्यक्षांचा कप बशीवर आपटला.

‘कोण म्हणतं रिकामं ठेवलं? साहेब, आमच्या घरातून शेजाऱ्याची वाटीसुद्धा कधी रिकामी परत गेली नाही. निदान साखर तरी घालून देतो. आणि मी देवीपुढे रिकामं पिस्तूल ठेवीन? माझ्या हातानं भरलं, स्लाइड ओढली, गोळी वर घेतली, मगच ठेवलं!’

‘म्हणजे ते भरलेलं होतं.’

त्यांना आपण काय बोललो ते आता लक्षात आलं. त्यांनी कप उचलून पुन्हा बशीत नीट ठेवला. ‘पूजेपुरतं,’ ते म्हणाले.

पूजेपुरतं भरलेलं पिस्तूल! मंडळी, मी पुष्कळ बचाव ऐकले आहेत, पण हा मी फ्रेम करून भिंतीवर लावला असता. गोळीला कसं कळावं की आपण फक्त पूजेपुरत्या आहोत?

मी आवाज चढवला. आता चढवायची वेळ होती. ‘म्हणजे भरलेलं पिस्तूल हातात घेऊन माणसासमोर फोटोला उभे राहिलात. याला निष्काळजीपणा म्हणतात.’

‘निष्काळजीपणा?’ अध्यक्ष खुर्चीतून उठले. अपमान त्यांना सहन होत नव्हता. ‘इतकी वर्षं लायसन आहे माझ्याकडे! मी काय अडाणी आहे? मॅगझीन काढून ठेवली आणि मगच चाप ओढला!’

जबाब टंकणाऱ्या शिपायाची बोटं हवेत थांबली. हवालदारबाईंनी हळूच छातीवर क्रुसाची खूण केली. आणि अध्यक्ष? ते अजूनही न्याय मागणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होते. त्यांना खरंच वाटत होतं की मॅगझीन काढली म्हणजे पिस्तूल रिकामं झालं. चेंबरमध्ये देवीसाठी बसवलेली गोळी तिथेच बसून होती, आणि इतकी वर्षं परवाना बाळगणाऱ्या या गृहस्थांना त्या खोलीचा पत्ताच नव्हता.

आता एक गोष्ट. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, आणि ते योग्यच आहे. मला दुसरा माणूस हवा होता. तो दारात कुबडीवर उभा होता.

‘सर,’ मास्तर म्हणाले, ‘मला जबाब बदलायचाय.’

मी त्यांना आत घेतलं. बसा म्हणालो नाही. पायाला भोक असलेल्या माणसाला उभं ठेवलं, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

‘मास्तर, मुलं पहिल्या दिवशी येतात तेव्हा त्यांना काय शिकवता?’

‘नळीच्या समोर उभं राहायचं नाही.’

‘आणि दुसरं?’

‘प्रत्येक हत्यार भरलेलं आहे असं समजायचं. आपण स्वतः बघेपर्यंत.’

‘मग तुम्ही समोर कसे उभे राहिलात?’

‘अध्यक्ष होते ना सर. त्यांना कसं सांगणार, चेंबर दाखवा म्हणून? वाईट दिसलं असतं.’

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितोय. वाईट दिसलं असतं! पोटरीतून गोळी आरपार गेली, तेव्हा फार छान दिसलं असावं.

‘आणि मुलीचं नाव? ते कसं दिसलं?’

मास्तरांनी मान खाली घातली. ‘अध्यक्ष म्हणाले, ती लहान आहे, निभावून नेईल. माझी नोकरी त्यांच्या हातात, सर. मला वाटलं, तिला सोडून देतील.’

‘तुम्हाला वाचवायला जिनं तोंड उघडलं, तिचं नाव दिलंत.’

नंतर दंडाधिकाऱ्यांपुढे त्यांनी सगळं खरं सांगितलं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवतो. त्यापलीकडे त्यांच्या बाजूनं नोंदवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

गुन्हा अध्यक्षांवर दाखल झाला, पिस्तूल जप्त राहिलं, परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव गेला. मास्तरांवरही खोटी माहिती दिल्याचा ठपका आला. मुलीचं नाव कागदावर आलं ते साक्षीदार म्हणून. ती चाचणीला गेली. निवड झाली का, असं मला सगळे विचारतात. मी सांगत नाही. तिला जाता आलं, मुद्दा तिथेच संपतो. तिची निवड झाली असती तरच तिच्यावरचा अन्याय अन्याय ठरला असता, असं काही आहे का?

या प्रकरणानं मला काय शिकवलं? हत्याराबद्दल म्हणाल तर नवं काहीच नाही. नळी कायम निर्धोक दिशेला, बोट चापाबाहेर, आणि हातात येताच चेंबर डोळ्यांनी बघायचं, मग समोर अध्यक्ष असोत, आयुक्त असोत की खुद्द सासरे. ‘रिकामं आहे’ हा शब्द कोणाकडूनही उसना घ्यायचा नाही. आणि देवीला शस्त्र वाहायचं असेल तर खुशाल वाहा, आम्हीही वाहतो. मात्र पोट उघडं करून वाहा. शेजारणीच्या वाटीत साखर घालणं हा फार गोड संस्कार आहे. पिस्तूल ही वाटी नाही.

माणसांबद्दल मात्र एक गोष्ट शिकलो, आणि तिनं माझं डोकं आजही तापतं. अपघात झाला की लोक आधी जखमीकडे बघत नाहीत. ते आजूबाजूला बघतात आणि ज्याचं नाव घेतल्यानं आपलं सर्वांत कमी बिघडेल, असा माणूस शोधतात. तो बहुधा वयानं लहान असतो, गरीब घरचा असतो, आणि बऱ्याचदा ती मुलगी असते. हे करताना कोणालाच आपण दुष्ट आहोत असं वाटत नाही. उलट वाटतं की आपण मोठ्या मनानं तिच्यासाठी क्षमा मागतोय. न केलेल्या चुकीसाठी क्षमा! गुंडाची मला कधी चीड आली नाही, तो निदान आपला धंदा ओळखून असतो. चीड येते ती या मायाळू लोकांची.

खटल्याच्या पहिल्या तारखेला सगळे कोर्टाच्या व्हरांड्यात जमले होते. मुलगी आईसोबत एका बाजूला उभी होती. अध्यक्ष वकिलाला मागे ठेवून त्यांच्याकडे आले, हात जोडले, चेहऱ्यावर तीच ती माया.

‘ताई, मनात काही ठेवू नका. पोरगी लहान आहे म्हणूनच तिचं नाव घेतलं. तिला काही होऊ दिलं नसतं मी. मी होतो ना!’

आईनं पदर खोचला. अख्ख्या तपासात ही बाई खालच्या आवाजात बोलली होती. आता तिचा आवाज असा फुटला की आतल्या न्यायालयाचा शिपाई दार उघडून बाहेर डोकावला.

‘तुमचा पोरगा बी हिच्याच वयाचा हाय ना? मंग त्याचा नाव का नाय घेतला?’